गुरुवारचे फर्मान

मराठी मालिकांचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांना गोष्टीतले काही कळते का, हा प्रश्न विचारण्याची वेळ निघून गेली. कळत नाही, हे सिद्ध झाले आहे. प्रश्न एवढाच उरला आहे की, ज्यांना गोष्ट सुरू करता येते पण संपवता येत नाही, जे एकीचा गळा वर्षाच्या आत दाबतात आणि दुसरीच्या प्रेताला सलाइन लावून चार-चार वर्षे झोपवून ठेवतात, अशांच्या ताब्यात महाराष्ट्राची रोजची संध्याकाळ आम्ही आणखी किती दिवस राहू द्यायची?

गुरुवार हा या कारभाराचा न्यायनिवाड्याचा वार. ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, म्हणजे बार्क, आठवड्याचे टीआरपीचे आकडे त्या दिवशी वाहिन्यांच्या हाती ठेवते. सकाळपासून वाहिनीच्या कार्यालयात, निर्मात्याच्या केबिनमध्ये आणि सेटवरच्या मेकअप रूममध्ये एकच विचारणा चालते, "किती आला?" ज्याचा बरा आला तो केक कापतो आणि त्याचे फोटो टाकतो. ज्याचा पडला त्याचा फोन दुपारनंतर कुणी उचलत नाही. सोमवारपासून त्याच्या मालिकेचा 'ट्रॅक' बदलतो. कालपर्यंत सुनेच्या नोकरीवर चाललेल्या गोष्टीत अचानक हरवलेला भाऊ उगवतो, पायऱ्यांवर तेल सांडते, दुधात पावडर पडते. त्यानेही आकडा हलला नाही, तर मालिकेची वेळ बदलते. आणि वेळ बदलली की सेटवरचा चहावालासुद्धा ओळखतो की आता दिवस भरले.

हा सर्वशक्तिमान आकडा येतो कुठून? देशात टीव्ही असलेली घरे सुमारे २१ कोटी. त्यांपैकी बार्कचा मीटर बसलेली घरे सुमारे ५८ हजार. म्हणजे एका खोक्याच्या तोंडून साडेतीन हजारांहून अधिक घरांची आवडनिवड बोलते. मराठी वाहिन्यांचा हिशेब महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक बाजार धरून होतो. त्या बाजाराच्या वाट्याला या खोक्यांपैकी काही हजारच येतात. त्यात गडचिरोली आली, पणजी आली, दादर आले, परभणी आली. मीटर असलेल्या घरातल्या प्रत्येकाने टीव्हीसमोर बसताना आपल्या नावाचे बटण दाबावे आणि उठताना पुन्हा दाबावे, अशी या यंत्राची अपेक्षा आहे. संध्याकाळी सात वाजता मेथी निवडत, कुकरच्या शिट्ट्या मोजत, मध्येच पोराच्या अभ्यासावर ओरडत जी बाई मालिका बघते, ती हे बटण किती इमानाने दाबत असेल, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात डोकावून करावा.

शितावरून भाताची परीक्षा करायला आमची ना नाही. आमच्या आज्या तेच करत आल्या. पण भात पातेलेभर असेल तर शीत खरे बोलते. पहिल्या क्रमांकाच्या मालिकेचा मोठा आकडा या पाहणीत बराचसा खरा उतरतो, हे आम्ही मान्य करतो. धडपडणाऱ्या मालिकेचे काय? तिचा आकडा मुळातच एवढासा असतो की, थोड्या घरांत पाहुणे आले, थोड्यांची वीज गेली किंवा भारताचा सामना लागला की तो कोसळतो. जिथे निकाल जगण्या-मरण्याचा, तिथेच काटा सर्वांत ढिला. या ढिल्या काट्यावर तोलून लोकांच्या पोटावर पाय द्यायचा आणि वर 'डेटा बोलतो' म्हणून नाकाने कांदे सोलायचे, याला शास्त्र म्हणत नाहीत. याला हात झटकणे म्हणतात.

काटा ढिला आहे हे सरकारलाही ठाऊक आहे. २०२० साली ट्राय या दूरसंचार नियामकाने शिफारस केली होती की मीटरची घरे त्या वर्षाअखेर ६० हजार आणि २०२२ अखेर १ लाख व्हावीत. एक लाख तर सोडाच, साठ हजारांचा उंबरठाही ओलांडला गेला नाही. त्याच २०२० च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी जाहीर केले की मीटर असलेल्या काही घरांना महिन्याला चार-पाचशे रुपये देऊन ठराविक वाहिन्या लावून ठेवायला सांगितले जात होते. संशयितांच्या यादीत मराठी वाहिन्यांचीही नावे होती. मोठा गाजावाजा झाला, अटका झाल्या, आणि पुढे राज्य सरकारने तो खटलाच मागे घेतला. आरोप खरे होते की खोटे, याचा निवाडा त्यामुळे न्यायालयात कधी झालाच नाही. एवढ्या धुरळ्यानंतरही गुरुवारची पूजा एका आठवड्यासाठी चुकली नाही. निदान मनोरंजन वाहिन्यांची नाही. बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे मात्र बार्कने जवळजवळ दीड वर्ष, मार्च २०२२ पर्यंत, थांबवून ठेवले होते. त्या दीड वर्षात एक तरी वृत्तवाहिनी आकड्यावाचून उपाशी मेली का? जाहिराती थांबल्या का? निवेदकांचा आरडाओरडा एका पट्टीने तरी उतरला का? नाही. मग बातम्यांना आकड्यांवाचून दीड वर्ष जगता येते, तर नव्या मालिकेला सहा महिने का जगता येऊ नये, याचे उत्तर वाहिन्यांच्या वातानुकूलित खोल्यांतून कुणीतरी द्यावे.

मालिका बंद होते म्हणजे काय होते, हे वाचकांना एकदा जवळून दाखवले पाहिजे. लेखकाला फोन येतो, "सर, पंधरा एपिसोडमध्ये गुंडाळायचंय." कधी पंधराचे दहा होतात. त्या वेळी गोष्टीत काय काय लटकत असते? नायिकेच्या बापाचा खून कुणी केला ते ठरायचे असते. धाकटी जाऊ चार महिन्यांची गरोदर असते. जमिनीचा खटला तारखेला लागलेला असतो. खलनायिकेने पूर्वजन्मीचे वैर असल्यागत सगळ्या घराला छळून झालेले असते. आता दहा भागांत या सगळ्याची वासलात लावायची! मग एका रात्रीत धाकटीला नववा महिना लागतो. वकील एका वाक्यात खटला जिंकतो. खलनायिका शेवटच्या शुक्रवारी देवघरासमोर ढसाढसा रडून पाप कबूल करते आणि शनिवारी सगळ्यांना पुरणपोळी वाढते. ज्या नटाच्या तारखा मिळाल्या नाहीत तो परदेशातून व्हिडिओ कॉलवर आशीर्वाद देतो, आणि तोही न जमल्यास त्याचे नाव कुणी काढतच नाही. शेवटी दिवाणखान्यात सगळे कुटुंब एका रांगेत उभे राहते, सेल्फी निघतो, पडद्यावर 'प्रेक्षकांचे आभार' उमटतात. दुसऱ्या दिवशी त्याच दिवाणखान्याच्या प्लायवूडच्या भिंती उतरवून सुतार टेम्पोत भरत असतात आणि त्याच वेळेला दुसऱ्या सुनेचा गृहप्रवेश सुरू झालेला असतो.

आठ-दहा महिने ज्या म्हातारीने त्या घराला आपले मानले, तिला कुणी विचारत नाही. पत्र नाही, खुलासा नाही. तिला कळते ते पुढच्या मालिकेच्या प्रोमोवरून. प्रोमोत नव्या मालिकेची वेळ दिसते आणि तिच्या लक्षात येते की ही तर आपल्या मालिकेची वेळ!

हा गुन्ह्याचा एक भाग झाला. दुसरा याहून लाजिरवाणा आहे, कारण तो यशाच्या नावाखाली होतो. ज्या मालिकेचा आकडा चांगला आला तिला मरू देत नाहीत. ई टीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' २०१३ पर्यंत चालली. भाग तीन हजारांवर गेले. शीर्षकातल्या चार दिवसांची अकरा वर्षे झाली तरी कुणाला विनोद दिसला नाही. झी मराठीच्या 'माझ्या नवऱ्याची बायको'ने २०१६ मध्ये चांगली सुरुवात केली होती. घरातली साधी बाई, नवऱ्याची भानगड आणि तिचे सावरणे, एवढी गोष्ट होती आणि ती खरी होती. पण आकडे चढले आणि गोष्टीला कुलूप लागले. राधिकाच्या मसाल्यांची कंपनी तीनशे कोटींची झाली, शनायाची भूमिका करणारी नटी बदलली आणि परत आली, गुरुनाथला धडा शिकवण्याचे मुहूर्त दर महिन्याला निघत राहिले. मार्च २०२१ मध्ये ती संपली तेव्हा सुरुवातीचा संताप कुणालाच आठवत नव्हता. सारा महाराष्ट्र तिच्यावरचे विनोद मोबाइलवर फिरवत होता.

स्टार प्रवाहच्या 'आई कुठे काय करते'ची गत तर जास्तच बोलकी. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ही मालिका टीआरपीत कित्येक आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. अरुंधतीचा घटस्फोट हा मराठी घराघरांत चर्चेचा विषय झाला होता. पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई संसार सोडून उभी राहते, एवढे दाखवून ही गोष्ट सन्मानाने थांबली असती तर मराठी मालिकांच्या इतिहासात तिचे पान वेगळे निघाले असते. थांबू दिले नाही. दुसरे लग्न लावले, तो नवरा मारला, मुलांची लग्ने मोडली, जोडली, पुन्हा मोडली. आणि एवढे पिळून झाल्यावर मार्च २०२४ मध्ये जिने वाहिनीला वर नेले तिलाच संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला ढकलले, कारण त्या जागी नवी मालिका बसवायची होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती दुपारच्या उन्हातच संपली. लाडक्या लेकीची ही कथा, मग सावत्र लेकींचे काय होत असेल!

म्हणून आम्ही म्हणतो की अकाली मारणे आणि मरू न देणे हे दोन गुन्हे नाहीत, एकच आहे. दोन्हीकडे गोष्ट कुठे संपावी हे गोष्ट सांगणारा ठरवत नाही. जो ती कधी वाचत नाही, जो फक्त तक्त्यातला रकाना वाचतो, तो ठरवतो. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ च्या जानेवारीत सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. लोकप्रिय असताना संपली. घना आणि राधा आजही लोकांना नावानिशी आठवतात, ते त्या संपण्यामुळेच. हे मराठी वाहिनीने केलेले आहे, मराठी लेखक-दिग्दर्शकांनी केलेले आहे. जमत नाही असे कुणी आम्हाला सांगू नये. करायचे नाही, एवढेच खरे.

आता त्या मालिकेकडे येतो जिच्यासाठी आमचा राग आजही उतरलेला नाही. सोनी मराठीवर जानेवारी २०२० मध्ये 'सावित्रीजोती' सुरू झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या आयुष्यावरची ही दैनंदिन मालिका. ओंकार गोवर्धन जोतीराव, अश्विनी कासार सावित्रीबाई. अडीच महिने होतात तोच मार्चमध्ये करोनाने सगळी चित्रीकरणे बंद पाडली, ती पावसाळ्यात सुरू झाली. म्हणजे त्या वर्षातले तीन महिने आणि वर काही दिवस तर महामारीनेच खाल्ले. आणि डिसेंबर २०२० मध्ये, वर्ष पुरे व्हायच्या आत, सावित्रीबाईंची जयंती अगदी तोंडावर आली असताना मालिका बंद! कारण काय, तर टीआरपी नाही. मालिकेचे सल्लागार असलेले अभ्यासक हरी नरके यांनी तेव्हा याची खंत जाहीरपणे बोलून दाखवली होती. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणारी बाई, अंगावर शेण झेलत त्या शाळेत जाणारी बाई, १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता गेलेली बाई. तिच्यासाठी आजच्या महाराष्ट्राला रोजचा अर्धा तास परवडला नाही.

पुतळ्यांना हार घालणारे सगळे पक्ष तेव्हा कुठे होते? ३ जानेवारीला फोटोसमोर वाकणारे मंत्री, फुल्यांच्या नावाशिवाय ज्यांचे भाषण सुरू होत नाही ते पुढारी, यांपैकी कुणी त्या मालिकेला एक जाहिरात मिळवून दिली? स्वतःच्या फोटोसह पानभर जाहिराती देणाऱ्या सरकारी खात्यांना या मालिकेचा एक महिना पुरस्कृत करणे जड होते का? आणि आपण प्रेक्षक? "असं काहीतरी चांगलं दाखवायला हवं" असे हळदीकुंकवाला म्हणणाऱ्या आणि साडेसात वाजता सासूच्या कारस्थानांवर थांबणाऱ्या आपण सर्वांनीही या पापात आपापला वाटा उचलावा. वाहिनीला शिव्या घालताना हे आम्ही विसरणार नाही. पण प्रेक्षक एका वेळी एकच गोष्ट पाहू शकतो. कोणत्या गोष्टीसमोर कोणती लावायची, कुणाचे फलक हमरस्त्यावर लावायचे आणि कुणाला कोपऱ्यात ठेवायचे, हे प्रेक्षक ठरवत नाही.

गोष्टीला वेळ दिला तर काय होते, याचा पुरावा याच देशात आहे. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. पहिले तेरा भाग कुटुंबनियोजनाच्या उपदेशाने इतके जड झाले होते की लोक कंटाळले. आजच्या गुरुवारच्या न्यायालयात तिला फाशीच झाली असती. तिथे मात्र लेखक मनोहर श्याम जोशींनी उपदेश कमी केला, माणसे वाढवली. बडकी, छुटकी आणि लल्लू पुढे देशभरातल्या घरांत शिरले, दीडशेहून अधिक भाग झाले. दूरदर्शनच्या तेरा-तेरा भागांच्या मंजुरीत आणि त्यासाठी दिल्लीतल्या मुख्यालयाच्या, मंडी हाउसच्या, पायऱ्या झिजवण्यात काही थोरपण नव्हते, तिथली भानगड सर्वांना माहीत होती. पण तेरा भाग म्हणजे तेरा भाग. लेखकाला ठाऊक असायचे की माझ्या हाती किती रस्ता आहे. आमच्या मुंबई केंद्रावरचे 'चिमणराव' असेच ठराविक मापाचे होते. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ आज चार दशकांनंतरही कुणाला 'लीप' घेऊन म्हातारे करावे लागले नाहीत.

आजच्या वाहिन्यांना वेळ द्यायची भीती वाटते, म्हणून त्या आधीच चाललेला माल आणतात. 'आई कुठे काय करते' ही बंगाली 'श्रीमयी'वरून आली, 'ठरलं तर मग' तमिळ 'रोजा'वरून. दुसऱ्या भाषेतून चांगले घेण्याला आमचा आक्षेप नाही. मराठी रंगभूमी त्यावरच वाढली. पण तिथे जे चालले तेच इथे चालवायचे आणि इथल्या मातीतली नवी गोष्ट आली की तिला आठ आठवड्यांची मुदत, हा कुठला न्याय? उसन्या गोष्टीला लाल गालिचा आणि घरच्या गोष्टीला उंबऱ्याबाहेर पाट!

अमेरिकेतही हा धंदा असाच निर्दय आहे, फक्त तिथे निदान प्रेक्षक बोलतो. 'स्टार ट्रेक' बंद होणार म्हणून १९६८ च्या सुमारास चाहत्यांनी एनबीसी वाहिनीवर पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा हंगाम मिळवला. वाहिनीने काय केले? मालिका शुक्रवारी रात्री दहाला टाकली, जेव्हा तिचा तरुण प्रेक्षक घराबाहेर असायचा. १९६९ मध्ये ती बंद झाली. वेळ बदलून काटा काढण्याची कला आमच्या वाहिन्यांनी शोधलेली नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो.

गोष्टीचे दुःख मोठे, पण भाकरीचे त्याहून मोठे. फिल्मसिटीत, मढला, मीरा रोडच्या आणि घोडबंदरच्या गोदामवजा स्टुडिओंत एका मालिकेच्या सेटवर रोज शंभराच्या आसपास माणसे राबतात. लाइटवाले, स्पॉटदादा, ड्रेसदादा, हेअरच्या ताई, जेवणाचे डबे आणणारा, जनरेटरवाला. यांतल्या बहुतेकांचा हिशेब दिवसावर. बारा तासांची शिफ्ट, आणि कलाकार-तंत्रज्ञांचे पैसे हातात पडायचे नव्वद दिवसांनी, ही या धंद्याची रूढ रीत. म्हणजे मालिका एप्रिलमध्ये बंद झाली तर शेवटचे पैसे जुलैत. तोवर निर्माता उभा असला तर! २०२१ साली एका बंद झालेल्या मराठी मालिकेच्या कलाकारांना थकलेल्या मानधनासाठी जाहीरपणे तोंड उघडावे लागले. ज्यांचे चेहरे घराघरांत माहीत होते त्यांची ही स्थिती, मग स्पॉटदादाने कुणाकडे दाद मागावी?

गावांचेही तेच. कोल्हापूरजवळच्या वसगड्यात 'तुझ्यात जीव रंगला' आणि सावंतवाडीजवळच्या आकेरीत 'रात्रीस खेळ चाले' चालू असताना लोक गाड्या करून वाडे बघायला जायचे. कुणी वडापावची गाडी टाकली, कुणी खोल्या भाड्याने दिल्या. युनिट उठले तसा धंदा ओसरला. नशीब म्हणून ते सोसतील. पण केव्हा उठणार हे आठ दिवस आधीही कुणी सांगू नये?

कायदा काय म्हणतो ते बघा. १९८१ च्या सिने-कामगार कायद्यात विचार होता कथापटांचा. टीव्ही मालिका त्यात नव्हत्याच. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या श्रमसंहितेने 'दृक्‌श्राव्य कामगार' अशी संज्ञा आणून मालिकांमधल्या माणसांना त्यात घेतले आणि लेखी कराराचे बंधन घातले. कागदावर छान आहे. गोरेगावच्या फिल्मसिटीच्या गेटवर मात्र आजही 'उद्या ये, कॉल टाइम सातचा' एवढाच करार होतो. कामगार खात्याच्या किती अधिकाऱ्यांनी मालिकेच्या सेटवर पाय ठेवला, हे कामगारमंत्र्यांनी विधानसभेत सांगावे.

वाहिन्यांचा एकच बचाव असतो: हा धंदा आहे, तोट्यात किती दिवस चालवायचा? हा प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो झटकत नाही. तोट्यातली मालिका जन्मभर चालवा असे आम्ही म्हटलेले नाही. बंद करा, खुशाल करा. पण बंद करणे आणि तोडणे यांत फरक आहे. घर रिकामे करायला भाडेकरूलाही महिन्याची नोटीस देतात. तुम्ही तर लेखकाला दहा भाग देता, कामगाराला काहीच देत नाही आणि प्रेक्षकाला प्रोमोतून कळू देता. महासंगम म्हणून दोन मालिका एकमेकींत घुसडायला, महाएपिसोड म्हणून रविवार भरायला, एकाच थोबाडीत मारण्याचा क्षण तीन भाग पुरवायला तुमच्याकडे वेळ असतो. शेवट नीट करायला नसतो. ज्या व्यवहारात सुरुवातीच्या प्रोमोवर पैसा ओतता येतो आणि शेवटावर दमडीही खर्च करवत नाही, तो चांगला धंदासुद्धा नव्हे. कारण अर्ध्यावर फसवला गेलेला प्रेक्षक पुढच्या मालिकेवर विश्वास ठेवत नाही, आणि मग तिचाही आकडा पडतो. आपल्याच कर्माने ग्राहक पळवून वर 'आजकाल लोक टीव्ही बघत नाहीत, मोबाइल बघतात' अशी बोंब मारायची, याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा.

म्हणून आमचे मागणे असे: मालिका सुरू करतानाच तिला किमान सहा महिने हात लावणार नाही, हे वाहिनीने लेखी द्यावे. बंद करायचे ठरले की त्या दिवसापासून तीस भाग लेखकाला मिळावेत, आणि त्या तीस भागांत वाहिनीच्या कुणाही क्रिएटिव्ह महाशयांनी लुडबुड करू नये. शेवटचा भाग दाखवण्याआधी सेटवरच्या शेवटच्या माणसाचा हिशेब चुकता झाला पाहिजे. नाहीतर भाग दाखवू नये. महाराष्ट्र-गोव्यात मीटर किती, शहरात किती, गावात किती, हे बार्कने मराठीत जाहीर करावे. ज्यांच्या नावाने फाशी होते त्यांना न्यायाधीशांची संख्या तरी कळू दे. आणि यशस्वी मालिकेचा लेखक 'माझी गोष्ट संपली' म्हणाला, तर ती संपली. दुसरा लेखक आणून तिचा मुडदा नाचवण्याचा अधिकार वाहिनीला नाही.

यातले काहीही वाहिन्या आपणहून देणार नाहीत, हे आम्ही ओळखून आहोत. देतील ते फक्त कराराच्या कागदापुढे. म्हणून आमचे शेवटचे बोलणे वाहिन्यांशी नाही, मराठी मालिका लिहिणाऱ्यांशी आहे. मित्रहो, तुम्ही आजवर बायकामुलांच्या आणि घरहप्त्यांच्या काळजीने जे समोर आले त्यावर सही केलीत. आम्ही त्याबद्दल तुम्हाला दोष देत नाही. पण एकट्याने सही करणारा एकटाच मारला जातो. पुढच्या करारावर सही करण्याआधी सगळ्यांनी मिळून शेवटच्या तीस भागांचे कलम मागा. जी वाहिनी ते कलम खोडेल तिचे नाव आम्हाला कळवा. ते आम्ही पहिल्या पानावर छापू.